बी बदकाचा

मंडळी, आज डोक्याला ताप झाला.

मीरा रोडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. सकाळी सावंतकाकूंचा फोन आला. बारा वाजता नातीचं बारसं, दुबईहून जावई वेबकॅमवर बघणार, आणि कॅमेरा सुरूच होईना.

"ड्रायव्हरची सीडी कुठाय?"

"कबुतरं येतात म्हणून ग्रिलला टांगली. उन्हात गेली ती."

आता कॉम्प्युटर कॅमेऱ्याला ओळखतो तो त्याच्या आकडे-अक्षरांच्या नंबरवरून, आणि त्यावरूनच ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, ठरतो. स्क्रीनवर नुसतं 'अननोन डिव्हाइस'. काकूंना नंबर कुठे दिसतो ते सांगितलं. त्यांनी वाचला, मी ड्रायव्हर शोधून मेल केला. चालेना. परत वाचायला लावला. माझे कान तिखट, पण तिकडे पाहुण्यांचा गलका.

"काकू, शेवटी डी ना, डमरूचा?"

"बी हो, बदकाचा. डमरू तुम्हीच वाजवताय मघापासून."

एका अक्षरासाठी तासभर गेला. बाराला पाच कमी असताना कॅमेरा लागला. फोनवर मला 'कुर्रर्र' ऐकू आलं, मग जावयाचा आवाज, "दिसतेय, दिसतेय."

तो नंबर कॅमेऱ्याच्या पाठीवर ठळक छापायला कंपन्यांचं काय जातं? आणि तुमच्या सीड्या कुठे टांगल्यात, जरा बघता का?