बावतीसभाऊंचा झोन टू

घड्याळातला आकडा सत्त्याण्णववर होता. मला तो एकशे एकच्या वर हवा होता.

“अजून थोडा जोर लावा,” मी म्हणाले आणि सायकलचं चाक जड करायची मूठ अर्धा आटा आवळली. बावतीसभाऊंनी मुकाट्याने जोर लावला. घाम भुवयांत उतरला, शर्ट पाठीला चिकटला. आकडा अठ्ठ्याण्णव झाला.

गोष्ट दोन हजार दोनच्या सुमाराची. मी फिजिओथेरपिस्ट. वसईतल्या एका छोट्या ऑर्थोपेडिक हॉस्पिटलच्या तळमजल्यावर माझी खोली होती. दोन कॉट, खांद्याच्या व्यायामाची एक पुली आणि जागच्या जागी चालवायची एक सायकल एवढाच संसार. लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले त्याला तीन वर्षं झाली होती आणि आपल्याला बरंच काही येतं असा माझा समज होता.

बावतीसभाऊ सांडोरचे. वय एक्कावन्न, नोकरी पोस्टमनची. केळीच्या वाड्यांमधल्या गल्ल्यांतून सत्तावीस वर्षं त्यांनी सायकलवर टपाल वाटलं होतं. एका रिक्षाने त्यांना उडवलं आणि नडगीचं हाड मोडलं. सरांनी, म्हणजे आमच्या सर्जननी, धातूची पट्टी टाकून ते बसवलं. चार महिन्यांत हाड जुळलं, पण मांडी काडीसारखी झाली आणि दम गेला. पोस्टातल्या साहेबांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की महिनाअखेर सायकलवर फिरायला फिट असल्याचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर बीट, म्हणजे टपाल वाटायचा तुमचा ठरलेला भाग, दुसऱ्याला जाईल आणि तुम्ही आत बसून शिक्के मारा. बावतीसभाऊंनी हे मला एकदाच सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज बदलला होता, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

सर्टिफिकेटवर सही सरांची असणार होती. “पण तू हो म्हटल्याशिवाय मी करणार नाही,” सरांनी मला बजावलं होतं.

त्याच दिवसांत माझ्या दिराने कुवेतहून हार्ट रेट मॉनिटर आणून दिला होता. छातीला पट्टा बांधायचा आणि मनगटावरच्या घड्याळात मिनिटाला किती ठोके पडतात ते बघायचं. वसईत असं यंत्र माझ्याच खोलीत असावं, आणि तो तोरा मी लपवतही नव्हते.

हार्ट रेट झोन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. दोनशे वीसमधून वय वजा केलं की हृदय जास्तीत जास्त किती धावेल याचा ढोबळ अंदाज येतो. बावतीसभाऊंचा आला एकशे एकोणसत्तर. त्याचे पाच टप्पे पाडायचे. दुसरा टप्पा, झोन टू, म्हणजे साठ ते सत्तर टक्के. यात दम वाढतो आणि दुखापतीतून उठलेल्या पायावर फार भार येत नाही. त्यांचा झोन टू एकशे एक ते एकशे अठरा. रोज अर्धा तास या मर्यादेत सायकल मारायची, असा माझा बेत होता.

पण आकडा शंभरी गाठेना. मला वाटलं, सत्तावीस वर्षं सायकल मारलेला माणूस, याचं हृदयच दणकट. म्हणून मी रोज मूठ थोडी थोडी आवळत गेले. दमलात का विचारलं तर ते मान हलवून नाही म्हणायचे. एकदा मात्र त्यांनी विचारलं, “मॅडम, पास व्हायला किती लागतात?” मी हसून एकशे एक म्हटलं. त्यांना ते खरंच वाटलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

दहाव्या दिवशी सायकलवरून उतरताना ते पांढरेफटक पडले. शेजारी पाचूबंदरच्या एक मावशी आखडलेल्या खांद्यासाठी पुली ओढत होत्या. त्यांनी चांगल्या हाताने यांना धरलं नसतं तर ते पडलेच असते. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बाय, त्याला पानी दे आधी. ते घड्याल मंग बघ.”

दुसऱ्या दिवशी बावतीसभाऊ आले नाहीत. गुडघा सुजल्याचा निरोप आला. हातात दोन आठवडे राहिले होते. मी बर्फाची पिशवी घेतली आणि स्कूटरवरून सांडोरला गेले.

घरात ते पाय उशीवर ठेवून बसले होते. त्यांच्या पत्नी मोनिकाताईंनी चहा ठेवला. दोघं आपापसात घरच्या बोलीत बोलत होती, ती मला निम्मीही कळत नव्हती. मी गुडघ्यावर बर्फ धरून बसले आणि नजर समोरच्या अल्तारावर गेली. मारियामातेची मूर्ती, मेणबत्ती, जपमाळ आणि जपमाळेशेजारी गोळ्यांची अर्धी संपलेली स्ट्रिप. मी उठून ती वाचली. एटेनोलॉल.

“हे कोण घेतं?”

“मी. रोज सकाळची प्रार्थना झाली की एक. बीपीची आहे, सहा वर्षं झाली.”

“फॉर्मवर औषध चालू आहे का असं विचारलं होतं. तुम्ही ‘नाही’ असं लिहिलंत.”

ते खरोखर गोंधळले. “औषध आजारी माणूस घेतो ना, मॅडम? ही रोजची गोळी आहे.”

ही गोळी हृदयाला लगाम घालते. माणूस कितीही धापा टाकू दे, ठोके एका मर्यादेपुढे जात नाहीत. म्हणजे दोनशे वीस वजा वय हे गणित या माणसाला लागूच नव्हतं. सत्त्याण्णवला ते झोन टू कधीच ओलांडून गेले होते आणि मी अजून जोर लावा म्हणत होते. मला लाज वाटली. परत येऊन सरांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, “केसपेपरच्या पहिल्याच पानावर आहे. ऑपरेशनआधी मीच लिहिलंय. तू एक्स-रे बघितलास आणि पान उलटलंस.”

“आता?”

“आता घड्याळ कपाटात ठेव आणि माणूस बघ.”

गोळी बंद करू का, असं बावतीसभाऊंनी विचारलं. सरांनी त्यांना सज्जड दम दिला की हात लावायचा नाही, तुमच्या बीपीला गोळी लागते, मॅडमना आकडा लागत नाही.

आकडा नसेल तर झोन बोलण्यावरून ओळखतात. पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं तर झोन टू. मध्ये श्वास घ्यावा लागला तर त्याच्या वर. शब्दच फुटेनासे झाले तर थांबायचं. उपाय सोपा होता, अडचण बावतीसभाऊंची होती. सूज उतरल्यावर मी त्यांना सायकलवर बसवून म्हटलं, बोला काहीही. ते दहा मिनिटांत दोन वेळा “हो” म्हणाले.

सोबत आलेल्या मोनिकाताईंनीच तोड काढली. घरी रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, ती पुढे होऊन हेच सांगतात, तेवढं यांना न थांबता बोलता येतं, असं त्या म्हणाल्या. मग रोझरीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या नमो मारियाचा पहिला अर्धा भाग आमचं मोजमाप झाला. एका श्वासात झाला तर चालू ठेवायचं, मध्ये तुटला तर पाय सैल सोडायचे. रोझरीत दुसरा अर्धा भाग बाकीच्यांनी म्हणायचा असतो. तो पुलीवरून पाचूबंदरच्या मावशी म्हणू लागल्या, त्यांच्याही घरी रोझरी व्हायची. दोन्ही कॉटवरचे पेशंट गप्प बसून ऐकायचे. पुढच्या आठ दिवसांत गुडघा पुन्हा सुजला नाही.

महिना संपायच्या दोन दिवस आधी आम्ही खरी बीट फिरलो. त्यांच्या सायकलला वजनापुरती रद्दीने भरलेली पिशवी लावली, मागे स्कूटरवर मी. वाटेत प्रत्येक दारातून हाक येत होती आणि ते हात वर करत होते. शेवटच्या मोकळ्या रस्त्यावर समोरून वारा लागला. माझ्या कानावर येणारी प्रार्थना मध्येच तुटली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा तुटली. शेवटचं घर समोर दिसत होतं. मी तोंडातून शब्द काढायचा नाही असं ठरवलं होतं. पंधरा दिवसांपूर्वीचा हा माणूस चक्कर येईपर्यंत पायडल मारत राहिला असता.

ते खाली उतरले. शंभरेक पावलं सायकल हातात धरून चालले, एक नमो मारिया नीट पुरी केली आणि पुन्हा बसले.

मी सरांना हो सांगितलं. बीट पूर्ण झाली म्हणून नाही, ते उतरले म्हणून. सरांनी सही केली. बावतीसभाऊ रिटायर होईपर्यंत त्याच बीटवर राहिले.

मी फॉर्म बदलला. औषध चालू आहे का, हा प्रश्न काढून टाकला आणि त्या जागी लिहिलं, उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय टाकता ते सांगा. पहिल्यांदा तो पाचूबंदरच्या मावशींना विचारला. त्या चार महिने माझ्याकडे येत होत्या. त्यांच्याही फॉर्मवर औषध नाही असंच होतं.

“मिशेरी,” मावशी म्हणाल्या. मग पुली सोडून जरा आठवून म्हणाल्या, “आनि ती साखर वाढते त्याची गोली.”