गुरुवारची भरती

"गलबताच्या बाजूला पाण्यापासून वीतभर वर रंगाची रेघ आहे," साहेब म्हणाले. "भरती तासाला वीतभर चढते. किती तासांनी रेघ बुडेल?"

आम्ही डाकबंगल्याच्या पडवीत बसलो होतो. साहेब म्हणजे आमचे डेप्युटी इंजिनिअर. मी त्यांच्या हाताखालचा ओव्हरसियर, म्हणजे बांधकामावर देखरेख ठेवणारा, आणि तोही टेंपररी. साहेबांना कोडी घालायचा नाद होता. हौदाला तीन नळ, मागे पडणारं घड्याळ, अर्धी जळलेली मेणबत्ती. उत्तर आलं तर माणूस हुशार, नाही आलं तर त्याच्या कॉन्फिडेन्शियल रिपोर्टात 'सुमार' एवढंच. कामाकडे बघायला त्यांना वेळ कमी मिळायचा.

"बुडणारच नाही साहेब. पाण्याबरोबर गलबतही चढेल."

"शाब्बास!" साहेबांनी बशीतला चहा संपवला. "निम्मे लोक इथेच गटांगळ्या खातात."

मी मान डोलावली. पण त्या निम्म्या लोकांत साहेब स्वतः होते आणि ते मला एकट्याला माहीत होतं.

ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा झाला नव्हता. आम्ही रत्नागिरीचे. देवगडच्या बाजूला एका खाडीवर धक्का बांधायचा होता. होडीतून उतरणाऱ्या माणसांनी आणि आंब्याच्या पेट्यांनी चिखलात न उतरता वर यावं, एवढंच त्या धक्क्याचं काम. धक्का किती उंच बांधायचा हे ठरवायला भरतीचं पाणी कुठवर येतं ते कळावं लागतं. त्यासाठी फूट-इंचांच्या खुणा केलेली लाकडी पट्टी पाण्यात उभी करतात आणि रोज ठरल्या वेळी आकडा रजिस्टरात उतरवतात. त्या पट्टीला आम्ही गेज म्हणतो.

माझ्याआधीचा ओव्हरसियर बदलून गेला आणि ते रजिस्टर माझ्या हाती आलं. तीन महिन्यांचे आकडे होते, सकाळ-संध्याकाळचे. एक फूट चार इंच. एक फूट चार इंच. पानामागून पानं एक फूट चार इंच. फक्त दर गुरुवारी एक फूट सहा इंच. खाली साहेबांच्या हिरव्या शाईतला शेरा होता, 'सदर खाडी भरती-ओहोटीपासून बव्हंशी मुक्त दिसते. गुरुवारी किंचित चढ आढळतो. कारण शोधावे.' आणि या आधारावर प्लॅन तयार झाला होता. धक्का तीन फूट उंच.

माझा जन्म मालवणचा. भरती-ओहोटीपासून मुक्त खाडी मी तरी पाहिली नव्हती. रजिस्टर काखेत मारून मी भिवा तारकराला गाठलं. भिवा खाडीवर होडी चालवायचा, माणसं अल्याड-पल्याड करायचा आणि पट्टीचे आकडेही तोच वाचायचा.

"भिवा, पट्टी कुठे आहे?"

"ही काय हय." त्याने वल्ह्याने आपल्याच होडीची कूस दाखवली. पट्टी होडीला चार खिळ्यांनी ठोकलेली होती.

मी तसाच चिखलात उभा राहिलो. "होडीला कुणी मारली रे?"

"आदल्या सायबानी. हापिसातसून कागद इल्लो, पट्टी ओहोटीक सुकता नये म्हणान. आता ओहोटीक हयचो काठ सगळोच सुकता. मधी खांब ऱ्हवणा नाय, व्हाळ ओढून न्हेता. सदीच पाण्यात आसता अशी एकच वस्तू, माजी होडी."

कागद मी फायलीत पाहिला. शब्द तसेच होते, 'गेज कोणत्याही परिस्थितीत कोरडे पडता कामा नये.' खाली सही साहेबांची. आदेशाचं इतकं तंतोतंत पालन मी नोकरीत पुन्हा पाहिलं नाही.

"आणि गुरुवारी?"

"गुरवारी बाजार. मानसा, गाठोडी, कोंबये. होडी दोन इंच खाली बसता."

"तुला हे चुकतंय असं वाटलं नाही?"

"वाटला. पण माका पट्टीचा इचारल्यानी. भरतीचा इचारल्यानी आसता तर भरतीचा सांगलंय आसतंय. अवसेक हय पुरुसभर पाणी आसता."

पुरुषभर पाणी आणि तीन फुटांचा धक्का. दर अमावास्येला लोक धक्क्यावर उतरणार आणि कमरेपर्यंत भिजणार. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, फक्त रजिस्टराला नव्हतं.

आता माझी पंचाईत सांगतो. माझं लग्न ठरलं होतं. मुलगी सावंतवाडीची, मला मनापासून आवडलेली. पण तिच्या वडिलांनी सुपारी फोडण्याआधी एक अट घातली होती. जावई कायम झाला की मुहूर्त काढू. ते स्वतः मास्तर होते, त्यांना टेंपररी या शब्दाची धास्ती होती. आणि मला कायम करायची शिफारस कुणी करायची? हिरव्या शाईने. गप्प बसावं तर धक्का पाण्यात जाणार, बोलावं तर मी. खरं सांगतो, दोन दिवस मी गप्प बसण्याच्याच बाजूने होतो. तिसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप आला, गुरुवारी येतो, ती भरती प्रत्यक्ष बघायची आहे.

म्हणून तो चहा आणि ते गलबताचं कोडं. साहेबांना चूक दाखवलेली चालायची नाही, पण कोडं घातलेलं चालायचं. मी म्हणालो, "साहेब, मीही एक घालू? एका खाडीत दर गुरुवारीच पाणी दोन इंच चढतं. का?"

साहेब खूश झाले. खाडीपर्यंत चालताना त्यांनी तीन उत्तरं दिली. चंद्र, वारा आणि वरच्या अंगाला कुणीतरी बांध फोडत असावा.

दहा वाजत आले होते. पलीकडून बाजारकऱ्यांनी भरलेली होडी आली. साहेबांनी वाकून पट्टी वाचली. "एक फूट सहा! बघा, चढलं!"

मग माणसं उतरू लागली. एक आजी, दोन भोपळे, कोंबड्यांची टोपली, मग आणखी दहा-बारा जण. प्रत्येकासरशी पट्टी वर येत होती. शेवटचा माणूस उतरला तेव्हा आकडा एक फूट चार. दोन मिनिटांत साहेबांची भरती ओसरली. आणि त्याच दोन मिनिटांत काठावरचा एक दगड, जो मघाशी कोरडा होता, तो पाण्याखाली गेला.

साहेबांनी आधी त्या दगडाकडे आणि मग पट्टीच्या खिळ्यांकडे पाहिलं. मग भिवाला म्हणाले, "आज पूर्ण भरती किती वाजता?"

"आज पंचम. पाचाची पाऊणपट पावणेचार. आमच्या हय एक तास आदी. पावणेतीनाक."

साहेबांनी खिशातून मुंबईचं भरतीचं छापील कोष्टक काढलं, त्यात पावणेचार वाचलं आणि परत ठेवलं. आमच्या किनाऱ्यावर तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात. त्याला कुणी कोडं म्हणत नाही.

परतताना त्यांनी विचारलं, "गेज कोरडं पडता कामा नये, हे पत्र कुणी काढलं?"

"कार्यालयाने, साहेब."

"हं," साहेब म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात आदेश आला. उतरणीवर एकाखाली एक तीन खांब पुरायचे. खालचा बुडाला की मधला वाचायचा, मधला बुडाला की वरचा. नवे आकडे घेतले, नवा प्लॅन झाला, धक्का साडेसात फूट धरला. मला मात्र तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली, टेंपररीच. सावंतवाडीहून होणाऱ्या सासऱ्यांचं कार्ड आलं, 'तब्येतीस जपावे.' मुहूर्ताचा उल्लेख नव्हता. मी ते कार्ड चार-चारदा वाचलं आणि आपण उगाच शहाणपणा केला असं मला फार वाटलं.

मुदत संपताना रत्नागिरीला मुलाखत झाली. समोर तीन अधिकारी, मधोमध आमचे साहेब. कामाचं विचारून झालं. मग साहेब मागे रेलले आणि बाकीच्या दोघांकडे बघून म्हणाले, "आता माझं स्वतःचं एक कोडं. एका खाडीत दर गुरुवारीच पाणी दोन इंच चढतं. का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ते खरंच विसरले होते की मला पारखत होते, हे मला अजून कळलेलं नाही.

"नाही येत, साहेब," मी म्हणालो.

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी टेबलावर वही होडीसारखी धरून, भोपळ्यांसकट सगळं उत्तर समजावलं. बाकीचे दोघे हसले. मीही हसलो, थोडा उशिरा, समजायला वेळ लागल्यासारखा.

पंधरा दिवसांत कायमचा हुकूम आला. वैशाखात लग्न झालं, तोवर धक्काही उभा राहिला होता. वरात माझ्या बिऱ्हाडी त्याच खाडीतून गेली, भिवाच्या होडीतून, अमावास्येनंतरच्या ऐन भरतीत, आणि बायको नव्या धक्क्यावर शालू न भिजवता उतरली. धक्क्याच्या फायलीत साहेबांच्या दूरदृष्टीचा उल्लेख आहे. माझ्या रिपोर्टात हिरव्या शाईने लिहिलं होतं, 'प्रामाणिक व कष्टाळू. कोड्यांत सुमार.'