जवळचा शब्द

"जवळचा शब्द चालायचा नाही," असं म्हणत ते डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटवून उजेडासमोर धरायचे आणि विचारायचे, "मधे फट दिसते की नाही?" दिसायचीच. बोटं कितीही आवळली तरी कुठेतरी उजेड राहतोच. "तेवढ्या फटीतून माणूस तुरुंगात जातो," म्हणायचे आणि पुन्हा लेखणी उचलायचे.

ठाण्याच्या सेशन कोर्टात ते दुभाषी होते आणि मी कारकून. न्यायाधीश गोरा. त्याला मराठी यायची ती "पाणी आण" आणि "चूप" एवढीच. समोर उभी राहणारी माणसं खाडीकाठची, डोंगरातली. त्यांना इंग्रजीचा गंध नाही. या दोन काठांच्या मधे आमचे दुभाषीबुवा, जुनी पगडी सावरत, दिवसभर उभे.

शब्दांच्या बाबतीत अशी चिकट माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण हे फारच चिकट. कचेरीत नवा उमेदवार आला की त्याला 'सी' आणि 'लुक' यांतला फरक शिकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. खिडकीशी न्यायचे. "समोर तलाव दिसतो? झालं. तुम्ही काहीच केलं नाहीत, डोळे उघडे होते म्हणून दिसला. हे 'सी'. आता घाटावर धुणं कोण धुतंय ते पाहा. हे 'लुक'." उमेदवार पाहायचे, जरा जास्तच मन लावून पाहायचे. मग बुवा कपाळाला आठ्या घालून खिडकी लावून घ्यायचे.

शब्द अडला की त्यांची एक रीत होती. माणसाला म्हणायचे, "तोंडानं नको सांगू. करून दाखव." एकदा कल्याणच्या एकावर लुटीचा खटला आला. कागदांत सगळीकडे 'रॉब'. बुवांनी फिर्यादीला सांगितलं, "तुझं गाठोडं कसं नेलं ते दाखव." फिर्यादीने काय करावं? भर कोर्टात फरशीवर आडवा झाला आणि डोळे मिटून घोरू लागला. बुवा साहेबाकडे वळले. "हा झोपेत होता, साहेब. हे 'स्टील'. 'रॉब' करायला समोरचा जागा लागतो, त्याला धाक घालावा लागतो." साहेब मोठ्यानं हसला. आरोपी थोडक्यात सुटला, आणि फिर्यादीला मात्र हलवून उठवावं लागलं. त्या दिवशी बुवांचा आम्हा सगळ्यांना फार अभिमान वाटला.

म्हणूनच बाळकुमचा खटला मला अजून छळतो.

दोन भाऊ, दोघेही मिठागरात राबणारे. भरतीचं पाणी आत घ्यायच्या दारावर त्यांचं भांडण झालं. थोरला म्हणे दार बंद कर, धाकटा म्हणे राहू दे. थोरला खालच्या दगडांवर पडला आणि जागीच गेला. धाकटा पिंजऱ्यात उभा होता, रुंद छातीचा, मिठानं तळवे फुटलेला. त्यानं काही नाकारलं नाही. प्रश्न एवढाच होता की भावाला त्यानं वाटेतून बाजूला सारताना तो पडला, की त्यानं त्याला खाली टाकलं. 'पुश' की 'थ्रो'. पहिल्यात काही वर्षांची कैद, दुसऱ्यात काळं पाणी. साहेब मान खाली घालून लिहीत होता.

बुवा पिंजऱ्याजवळ गेले. "बाबा रे, कसं केलंस ते मला दाखव."

आमची सगळ्यांची खात्री होती, हा हलकेच हात लावेल. कुठलाही शहाणा माणूस तेच करील. त्यानं बुवांचे दोन्ही दंड धरले, त्यांना जमिनीवरून उचललं आणि झोकून दिलं. बुवा टेबलाच्या पायाशी जाऊन आदळले. शिपाई धावले. तो मात्र शांत होता. त्याच्या चेहऱ्यावर ओझं उतरल्यासारखं काहीतरी होतं.

"जसा केला तसाच दावला," तो म्हणाला. "आता मी घरा जाऊ?"

साहेबानं मान वर केली. त्यानं फक्त खाली बसलेले बुवा पाहिले होते. "वेल? पुश ऑर थ्रो?"

बुवा उठले. पगडी उचलली, पण डोक्यावर ठेवली नाही. 'पुश' म्हटलं असतं तर त्यांना कोण खोटं पाडणार होतं? सरकारी वकीलसुद्धा कागद चाळत होता. मी मनात देवाचं नाव घेत होतो. बुवांनी एकदा त्या पोराकडे पाहिलं.

"थ्रो," ते म्हणाले. मग आवाज सावरून पुढचंही भाषांतर केलं. आरोपी विचारतो आहे, की आता तो घरी जाऊ शकतो का.

निकाल लागला त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांच्याशी बोललो नाही. कोर्टाच्या ओट्यावर त्या दोघा भावांची आई बसली होती. बुवा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. तिनंच विचारलं, "माज्या पोरानं खरा दावला ना?"

"खरं दाखवलं, बाई."

"आमचे गावदेवीपुढं तसाच हाय. हातानं केलेला हातानं दावायचा. खरा दावला का गाव पदरात घेतो. मग कवा येल घरा?"

मला वाटलं, आता हा माणूस तिला निकालातल्या 'ट्रान्सपोर्टेशन'चा, म्हणजे काळ्या पाण्याचा, नेमका अर्थ सांगणार. बुवा म्हणाले, "येईल."

त्यानंतर त्यांनी कोणालाही "करून दाखव" म्हटलं नाही. जो शब्द हाताशी येईल तो साहेबापुढे ठेवायचे. साहेबाचं काम लवकर उरकू लागलं, तो खूश होता. बाजारच्या दिवशी म्हातारी यायची, तेच विचारायची, आणि बुवा तेच उत्तर द्यायचे. ती गेली की बराच वेळ त्यांच्या हातून एक ओळ लिहून होत नसे. माझा राग तेव्हाच कधीतरी गेला.

पावसाळ्यानंतरच्या तापाच्या साथीत बुवा गेले. त्यांच्या जागी आलेला तरुण भराभर भाषांतर करतो.

पुढच्या बाजारी म्हातारी आली. ओट्यावर कोणी दिसेना म्हणून माझ्या टेबलापर्यंत आली. "ते पगडीवाले कुठं जेले?"

"देवाघरी गेले, आजी."

ती म्हणाली, "ते मना सांगायचे, माजा पोर येल म्हनून. आता तुमी सांगा."

"येईल," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि पायऱ्या उतरून बाळकुमच्या वाटेला लागली.