नववा प्रश्न

समुपदेशनाच्या खोलीत किस्से फार साठतात. घरी सांगायची सोय नाही, कारण आमच्या कामात नाव तर सोडाच, पेशंटच्या शर्टाचा रंगसुद्धा बाहेर बोलायचा नसतो. मी सिल्वासातल्या एका एचआयव्ही केंद्रात काउन्सेलर आहे. दार जरा जोरात आपटलं तरी दचकते. माझ्यासारखीला हे काम कुणी दिलं, हाही एक किस्साच.

*

गोळ्या न्यायला आलेल्या प्रत्येकाला आम्ही नऊ प्रश्न विचारतो. झोप, भूक, उदासी वगैरे. नववा असा: जीव द्यावासा वाटतो का?

पहिल्याच दिवशी जवळच्या रांधा गावच्या एक मावशी आल्या. आठ प्रश्न नीट झाले. नवव्याला माझा आवाज चिरकला, कपाळावर घाम आला. मावशींनी घाम पुसायला पदर पुढे केला. "मला नाही वाटत. पण तुझं काय बाई? घरी सगळं बरं आहे ना?"

*

सायली गावातल्या कारखान्यातला एक कामगार. एका खोलीत सहाजण. रोज गोळी घेताना दिसतो म्हणून त्याने ठोकून दिलं की ही ताकदीची आहे. मग काय, पाचहीजणांनी मागितली! बिचारा मेडिकलमधून व्हिटॅमिन आणून वाटायला लागला. "मॅडम, आता मी विसरलो तर पाचजण आठवण करून देतात."

मी पोट धरून हसले. हसता हसता नवव्यापुढे 'नाही' लिहून टाकलं. एवढ्या आनंदी माणसाला काय विचारायचं?

*

मग ती सवयच लागली. विचारलंच तर स्क्रीनकडे बघत: "तसलं काही मनात येत नाही ना?" सगळे नाही म्हणायचे. मीटिंगमध्ये डॉक्टर म्हणाले, "हिच्या टेबलावर सगळे सुखी." मी चक्क लाजले.

आमच्या केंद्रातले जयेशभाई स्वतः कित्येक वर्षं याच गोळ्या घेतात आणि तारखेला न आलेल्यांना फोन करतात. बाहेर आल्यावर ते हळूच म्हणाले, "बेन, सगळे सुखी असते तर मला कशाला ठेवलं असतं?"

मला राग आला होता त्यांचा.

*

नाशिकचा एक सुपरवायझर, पस्तिशीचा. बायको माहेरी निघून गेलेली. पण एक गोळी कधी चुकवली नाही. मी नेहमीसारखं विचारलं. "नाही," म्हणाला, वर हसलाही. मी पुढच्याला हाक मारली.

पुढच्या तारखेला तो आला नाही. जयेशभाईंनी फोन लावला, बहिणीने उचलला. त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. वेळेवर कळलं म्हणून वाचला.

दीड महिन्याने तो माझ्यासमोर बसला. मी म्हटलं, "तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"सांगणारच होतो. पण तुम्हीच इतक्या घाबरलेल्या होतात, मॅडम. म्हटलं, पोरीला कशाला त्रास."

मी फॉर्म उलटा ठेवला. त्याच्याकडे बघून विचारलं, "आज जीव द्यावासा वाटतोय?"

त्याने दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "बोलायला लागलो तर लांबेल. बाहेर रांग आहे तुमची."

मी उठले, जयेशभाईंना रांग दुसऱ्या टेबलाकडे न्यायला सांगितली, आणि दार लोटून घेतलं.