इंगाबाईचं बिऱ्हाड

इंगाबाई कुणाच्याही दारात गेली की आधी खाली बसायची आणि मग नमस्कार करायची. "बसल्याबिगर बोलनं कसं होईन?" असं आमच्याच वऱ्हाडीत विचारायची. डेन्मार्कची ही साठीची बाई बुलडाणा जिल्ह्यात, उंद्रीच्या पुढच्या आमच्या लहानशा गावात लागोपाठ तीन हिवाळे राहिली. तिची आठवण निघाली की मला किळस येते. तिची नव्हे, आमची.

तिकडे ती दवाखान्यात नर्स होती. तीस वर्षं दुपारचं जेवण उभ्यानं केलं, असं सांगायची. निवृत्त झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण रोज जो जिना चढतो, त्यावरच्या एकाही घरातल्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही. अजिंठ्याला जाताना हे गाव तिनं कधीतरी पाहिलं होतं. माझ्या घरासमोरची खोली तिनं भाड्यानं घेतली आणि शेजारच्या सरूबाईशी तिचं सूत जुळलं.

सरूबाई सत्तरीची, एकटी, मोतीबिंदूनं अधू. दोघी सकाळभर ओसरीवर तूर निवडत बसायच्या. इंगाबाई तुरीतले खडे काढायची, सरूबाई इंगाबाईच्या बोलण्यातले. मी, गावचा निवृत्त शिक्षक, लगबगीनं जाताना दिसलो की इंगाबाईची हाक यायची, "गुरुजी, शाळा तं सुटली तुमची, आता काऊन पळून राह्यले?" मग मीही टेकायचो. दिवसातला तेवढाच वेळ बरा जायचा.

तिसऱ्या हिवाळ्यात तिनं सरूबाईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन करवून आणलं. त्याच आठवड्यात एका सकाळी तिच्या न्हाणीच्या भिंतीवरून कुणीतरी मोबाईल धरला. गावातले वजनदार गृहस्थ बापूसाहेब, त्यांचा पुतण्या. दोन लेकरांचा बाप. इंगाबाईनं अंगाभोवती चादर गुंडाळली, बाहेर येऊन त्याचं मनगट धरलं. "काऊन बे? तुही माय आंघोळ नाही करत?"

गल्ली जमली. सगळ्यांनी पाहिलं, दोघंतिघं हसले. मी माझ्या दारात उभा होतो. मग आत गेलो.

चार दिवसांत कुजबुज सुरू झाली. बाई म्हातारीचं घर लिहून घेणार. बाई आपल्या लेकीसुनांना बिघडवणार. बापूसाहेबांनी तिच्या खोलीच्या मालकाला, तो बुलडाण्याला राहायचा, गावाच्या इभ्रतीसाठी खोली खाली करवून घ्या म्हणून अर्ज लिहिला आणि तो घेऊन माझ्याकडे आले.

"गुरुजी, तुमच्या सहीले वजन आहे. अन् तुमच्या सूनबाईच्या अंगणवाडीतल्या नोकरीचं आपनच पाहून राह्यलो ना?"

मी चष्मा लावला. अर्ज वाचला. सुवाच्य अक्षरात सही केली. शुद्धलेखनाच्या दोन चुकाही दुरुस्त करून दिल्या.

मालकानं तो कागद इंगाबाईला दाखवला. जायच्या दिवशी ती माझ्याकडे आली, नेहमीसारखी आधी बसली. माझी बायको चहा ठेवायला उठली, तर तिनं हातानंच नको म्हटलं. आमच्या घरात तिनं चहा नाकारलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"गुरुजी, तुमी मले सांगितलं असतं, जाय म्हनून, तं मी गेली असती. कागद कायले पाह्यजे होता?"

तिनं पिशवीतून एक लहानशी बाटली काढून माझ्या हातात दिली. "सरूबाईच्या डोळ्यातलं औषध. दिवसातून चार वेळा. घाईनं नका टाकू." मग ती उठली आणि चिखलीच्या गाडीनं गेली. पोचवायला सरूबाईखेरीज कुणी नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी बाटली घेऊन सरूबाईकडे गेलो. तिनं मान मागे टाकली.

"गुरुजी, त्या कागदावर तुमी तं सही नोती ना केली?"

"नाही," मी म्हणालो.

"मले ठावंच होतं," ती म्हणाली आणि औषधासाठी डोळा उघडा धरून बसली.