मागचे टाळ

कॉलेज रोडवरच्या एका दुकानात होम थिएटर घ्यायला गेलो होतो. माझं मत पक्कं होतं: सिनेमाला आवाज चारी बाजूंनी हवा, गाण्याला फक्त समोरून. गाणं मागून ऐकणं म्हणजे मला शुद्ध अडाणीपणा वाटायचा.

माझ्या आधी निफाडकडच्या एक मावशी आल्या होत्या. नऊवारीत, सोफ्यावर मांडी घालून, पाठ न टेकता बसलेल्या. सेल्समनने हाणामारीचा सिनेमा लावला. पाठीमागून गाडी गेल्याचा आवाज आला तशा त्या दचकून वळल्या.

"सिनेमा पुढं चाललाय ना दादा? मग मागचं बंद कर. उगं मान दुखती."

मग त्यांनी मोबाइलमधलं आपल्या मंडळाचं भजन लावायला दिलं. ते समोरून सुरू झालं आणि त्यांनी नाक मुरडलं. "आता मागचं चालू कर."

"मावशी, गाणं समोरूनच ऐकायचं असतं," मला राहवलं नाही.

त्या हसल्या. "ऐकणारा समोर बसतो, भाऊ. मी म्हणणारी हाय. टाळवाल्या माझ्या पाठीशी असत्यात."

टाळ मागून वाजू लागले. मावशींनी डोळे मिटले, मांडीवर ठेका धरला आणि भर दुकानात खुशाल म्हणायला लागल्या. सेल्समनने आवाज हळूच कमी केला, त्यांचा ऐकू यावा म्हणून.

मी अजूनही गाणी समोरूनच ऐकतो. पण घरात कोणी नसलं की मागचे स्पीकर चालू करतो, मधोमध बसतो आणि घसा साफ करतो.