गिरगाव ते परळ, आणि दर तिसरा सोमवार

स्पितीच्या पोस्टखाली "आता पुढे कुठे?" असं विचारणाऱ्या सगळ्यांना एकत्रच उत्तर देते: परळ. हसायचं असेल तर हसून घ्या. गिरगावातल्या माझ्या घरापासून परळ इतकं जवळ आहे की टॅक्सीवाला तोंड वाकडं करतो. पण इतक्या वर्षांच्या भटकंतीत सॅक एवढी हलकी आणि निघणं एवढं जिवावर आलेलं, असं कधी झालं नव्हतं. शिवाय या प्रवासाला लांबलांबून माणसं रोज येतात, कुणीही हौसेनं येत नाही, आणि त्यांच्यासाठी कुणी ब्लॉग लिहीत नाही. म्हणून हा खटाटोप.

निमित्त सुनंदाचं. ती माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते, दादरला साड्यांच्या दुकानात हिशेब बघते. नवरा बोटीवर, त्यामुळे घरचं सगळं हिच्याच गळ्यात. मुलगी सायली बारावीला आहे आणि माझ्या ब्लॉगची सर्वांत जुनी वाचक आहे. मी जाते त्या प्रत्येक गडावर तिला यायचं असतं, आणि सुनंदा प्रत्येक वेळी विषय बदलते. रविवारी सकाळी सुनंदाचा फोन आला. सायलीला जिना चढताना धाप लागायला लागली होती. दुसऱ्या मजल्यावर थांबून ती मोबाइल बघायचं नाटक करते, हे आईच्या लक्षात आलं होतं. "नीले, तू एकटी कुठे कुठे जाऊन येतेस," ती म्हणाली. "उद्या माझ्यासोबत परळला ये. डॉक्टर काय सांगतील ते मला एकटीला नाही ऐकवणार."

सायलीची आधीची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती खूप घरांत घडते. अकरा वर्षांची असताना तिचा घसा दुखला. हळद-दूध झालं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, घसा बरा झाला. काही दिवसांनी गुडघा सुजला, मग तो उतरून घोटा सुजला, आणि ताप हटेना. वाढीचं वय आहे म्हणून घरच्यांनी पाय शेकले. इस्पितळात पोचेपर्यंत हृदयाच्या एका झडपेला इजा झालेली होती. डॉक्टर याला रुमॅटिक ताप म्हणतात. घशातल्या संसर्गाला वेळीच साधं औषध मिळालं असतं तर पुढचं टळलं असतं. एकदा येऊन गेलेला हा ताप परत येऊ शकतो, आणि प्रत्येक वेळी झडप आणखी बिघडवतो. तो येऊ नये म्हणून पेनिसिलिनचं एक इंजेक्शन ठरावीक दिवसांनी, वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. ते कमरेखाली देतात आणि भयंकर दुखतं. सायली त्या दिवशी बसायची नाही, उभ्यानं जेवायची.

सोमवारी मी पहाटेच गिरगावातून बस धरली. तिकीट दहा-बारा रुपयांचं, खिडकी हमखास मिळते आणि भायखळ्याला भाजीचे टेम्पो उतरत असतात ते बघत जाता येतं. लालबागला उतरलात तर मसाल्याच्या दुकानांवरून जाताना नाकाला रुमाल लावा. मी लावला नाही आणि सुनंदाच्या दारात शिंकत उभी राहिले. सायली म्हणाली, "मावशी, स्पितीत काही झालं नाही आणि लालबागला हरलीस." मुलगी नेहमीसारखी खट्याळ होती, फक्त दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घेत होती.

जाणाऱ्यांसाठी सूचना: जुनी सगळी कागदपत्रं, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, डबा आणि पाणी घ्या, आणि सकाळी लवकर रांगेला लागा. परळच्या मोठ्या सरकारी इस्पितळांत गर्दी प्रचंड असते, पण रांग सरकते. बाहेरगावहून येणार असाल तर तिथल्या समाजसेवा विभागात आधी चौकशी करा. परळ-दादरच्या धर्मशाळांची आणि सरकारी योजनेची माहिती तिथेच मिळते. दुपारी फाटकाबाहेर एक संस्था खिचडी वाटते. आम्ही डबा संपल्यावर तीही खाल्ली. गरम होती, मीठ बेताचं होतं आणि कुणी काही विचारलं नाही.

सायलीची हृदयाची सोनोग्राफी झाली आणि दुपारी आम्हा तिघींना आत बोलावलं. डॉक्टर तिशीची, डोळ्यांखाली जागरण दिसत होतं. इंजेक्शन चालू आहे का, असं तिनं विचारलं. सुनंदा ताठ बसून म्हणाली की अगदी नियमित, इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नाही. मलाही तिचा अभिमान वाटला.

"शेवटचं कधी घेतलंत?"

"गेल्या संकष्टीला."

"आणि त्याच्या आधीचं?"

"त्याच्या आधीच्या संकष्टीला," सुनंदा म्हणाली.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

झालं होतं ते असं. सुरुवातीला सांगितल्याप्रमाणे तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायच्या. पण दुकान, शाळा, पाहुणे यांत तारीख मागेपुढे व्हायची, एकदा तर पार विसरता विसरता राहिली. सुनंदा घाबरली. सायलीच्या आजारपणात तिनं संकष्टी धरली होती आणि दर संकष्टीला ती प्रभादेवीच्या गणपतीला जायचीच. इंजेक्शन देणारा दवाखानाही तिथेच जवळ. घराजवळचे बरेच दवाखाने रिअ‍ॅक्शनच्या भीतीनं हे इंजेक्शन द्यायला तयार होत नाहीत, तिथे मात्र चाचणी करून देतात. मग तिनं दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधून टाकल्या. आधी सुई, मग दर्शन, मग घरी येऊन चंद्रोदयानंतर उपास सोडायचा. परळ आणि प्रभादेवीला जोडणाऱ्या रेल्वेवरच्या पुलाचं पाडकाम सुरू झाल्यापासून पलीकडे जायला मोठा वळसा पडतो, तरी ती गेली. तपासणीला प्रत्येक वेळी विचारायचे, नियमित आहे ना? ती खरंच सांगायची, हो.

पण संकष्टी येते महिन्यानं, आणि त्या औषधाचा जोर टिकतो तीन आठवडे. डॉक्टरनं हे समजावून सांगितलं, आवाज न चढवता. दर संकष्टीच्या आधीचे काही दिवस सायलीला संरक्षणच नव्हतं. गेल्या थंडीत तिचा घसा धरला होता तोही, आठवून बघितलं तर, चतुर्थीच्या तोंडावरच. झडप आता आकसली होती. पावसाळ्यात चाळीतलं दार फुगून अर्धवटच उघडतं ना, तसं झालं होतं. उपाय दोन. झडप फार खराब नसेल तर मांडीतल्या शिरेतून नळी घालून फुग्यानं ती उघडायची. ते जमणार नसेल तर छाती उघडून धातूची झडप बसवायची. मग रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आयुष्यभर, आणि पुढे बाळंतपणात जोखीम. वरिष्ठ डॉक्टर बघून दुसऱ्या दिवशी ठरवणार होते. आम्ही उठताना ती डॉक्टर सुनंदाला म्हणाली, "आई, एकही न चुकवणारे लोक मला फार भेटत नाहीत. तुमचा नेम तसाच ठेवा. फक्त दिवस बदला."

बाहेर येऊन सुनंदा बाकावर बसली. सायली पाणी आणायला गेली तेव्हा ती बोलली. "मी देवाच्या भरवशावर नव्हतं गो टाकलं. मी विसरेन म्हणून देवाला धरलं होतं." मी तिचा हात धरून बसले.

सायलीला त्याच दिवशी ठेवून घेतलं. मंगळवारी सकाळी मला खरेदीला दादरला पिटाळलं: बादली, मग, चपला, दोन गाऊन. दादरला बाजारात घासाघीस केल्याशिवाय काही घेऊ नका, पण मी त्या दिवशी नुसते पैसे दिले आणि दुकानदारालाच चुकल्यासारखं झालं. येताना फुलबाजारातून मोगऱ्याचा गजरा घेतला. वॉर्डात फुलं चालत नाहीत हे दारावर कळलं, म्हणून तो मीच माळला. सायली म्हणाली, लग्नाला आल्यासारखी दिसतेस.

शेजारच्या खाटेवर जव्हारकडची वंदना होती, विशीतली. तिचा आजार कळला तो पोटुशी असताना, पाणी भरताना दम लागून ती खाली बसली तेव्हा. बाळ आता सासूपाशी होतं. फुग्याचा उपाय तिच्यावर झाला होता आणि दुसऱ्या दिवशी ती घरी जाणार होती. सिस्टर तिला इंजेक्शनचं सांगून गेली. वंदना मान हलवत राहिली, आणि सिस्टर गेल्यावर हसून आम्हाला म्हणाली, "दिवस कोण मोजत बसणार ताई? आम्ही रोज कामाला जाणार."

कालपासून सुनंदा जवळजवळ मुकीच होती. ती खुर्ची ओढून वंदनाच्या खाटेपाशी गेली. तिथे दवाखाना कुठे आहे, कधी जाणं होतं, असं विचारू लागली. वंदना म्हणाली, सरकारी दवाखाना बाजाराच्या गावी आहे, आणि बाजार गुरुवारचा, तो काही चुकत नाही, मीठ-मिरची त्याच दिवशी आणायची.

सुनंदानं बोटांवर काहीतरी हिशेब केला. मग म्हणाली, "मग मोजायचं कशाला? एका बाजाराला सुई घे. पुढचे दोन बाजार सोड. तिसऱ्या बाजाराला परत घे. गुरुवार तो गुरुवारच राहतो."

वंदनानं ते स्वतःशी म्हणून बघितलं. एक घ्यायचा, दोन सोडायचे. "हे जमेल," ती म्हणाली. सुनंदा मात्र माझ्याकडे वळली. "नीले, माझं दुकान सोमवारी बंद असतं." दादरची निम्मी दुकानं सोमवारी बंद असतात, हे या शहरात कुणाला माहीत नाही? इतकी वर्षं सोमवार तिच्या समोर होता आणि ती चतुर्थी शोधत होती. ती रडली, वंदनाच्या खाटेचा कठडा धरून, आणि मीही रडले. सायली झोपल्याचं सोंग घेऊन पडली होती. तिनं डोळे न उघडताच सांगितलं, "आई, बस झालं. तू एकदाही चुकवलं नाहीस."

संध्याकाळी निरोप आला की फुग्यानं जमण्यासारखं आहे, पण खात्री आत गेल्यावरच. बुधवारी तिला नेलं. बाहेरच्या बाकांवर आम्ही बसलो. माझ्याजवळ अवघड वाटांवर घाबरलेल्या सोबत्यांना सांगायच्या खूप गोष्टी असतात, पण तिथे एकही कामाला आली नाही. मी चहा आणला, तो गार झाला, मी दुसरा आणला. मग तीच डॉक्टर बाहेर आली, तोंडावरचा मास्क खाली करत, आणि तिचा चेहरा बघूनच सुनंदा उठून उभी राहिली. झडप उघडली होती. छाती उघडायची गरज नव्हती. डॉक्टरनं लगेच हेही सांगितलं की झडप काही नवी झालेली नाही, तपासण्या आणि इंजेक्शन चालूच राहणार. सायली सगळा वेळ जागी होती. तिनं नंतर सांगितलं की आतली माणसं डब्यात काय आणलंय ते बोलत होती, त्यावरून तिनं ओळखलं की आपलं बरं चाललंय.

शुक्रवारी सोडलं. टॅक्सी चाळीच्या दाराशी थांबली आणि आम्ही जिना चढायला लागलो, सायली पुढे, सुनंदा तिच्या मागे हात पसरून. दुसऱ्या मजल्यावर सायली थांबली आणि तिनं सवयीनं मोबाइल काढला. मग आमच्याकडे बघून हसली, तो खिशात टाकला आणि हळूहळू वर गेली.

मी गिरगावात परतले. सॅक रिकामी करायला काही नव्हतंच. घरी बसून विचार केला तेव्हा वाटलं, मी इतके अवघड रस्ते चालले पण ते सगळे मी निवडलेले होते. वंदना आणि सुनंदा ज्या रस्त्यानं परळला येतात तो निवडलेला नसतो, आणि त्याची सुरुवात लहान मुलाच्या दुखऱ्या घशापासून होते. तेव्हा वाचणाऱ्यांनो, घरातल्या पोराचा घसा तापासह धरला तर गुळण्यांवर थांबू नका, डॉक्टरला दाखवा. आणि कुणाचं इंजेक्शन चालू असेल तर नियमित आहे का असं नुसतं विचारू नका, कोणत्या वारी असतं ते विचारा.

पहिला सोमवार पार पडला. सायलीनं उभ्यानं जेवतानाचा फोटो पाठवला. त्यानंतर काही दिवसांनी संकष्टी आली. संध्याकाळी सुनंदाचा फोन आला, मागे घंटा आणि माणसांचा गलबला.

"प्रभादेवीला आलेय. सायली पण आहे. आज सुई नाही गो, आज नुसतं दर्शन."

काय मागितलंस, असं मी विचारलं.

"इतकी वर्षं रांगेत उभी राहून एकच म्हणत होते, सुई नीट लागू दे. आज समोर गेले आणि काय म्हणायचं तेच सुचेना."

"मग?"

"मग काय," सुनंदा म्हणाली, "बघत उभी राहिले."